धूम्रत्याग आणि देहाची पुनर्घडण

संतपूरसारख्या गावची बाजारपेठ ही केवळ देवघेवीची जागा नसते. औराद, बीदर, उदगीर, देगलूर या वाटांनी माणसे येतात, तूर, मूग व उडीद यांच्या राशी पडतात, मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषांतून भाव ठरतात. आणि भाव ठरता ठरता कोणीतरी विडी पुढे करतो. ती नाकारणे म्हणजे समोरच्याचा मान न राखणे, अशी एक समजूत आपल्या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. व्यापाऱ्याचे पहिले भांडवल म्हणजे त्याचे शरीर. आणि त्या भांडवलाची झालेली तूट भरून निघू शकते काय, हा प्रश्न आमच्या अनेक बंधूंच्या मनात असतो. त्याचे उत्तर बरेचसे आशादायक आहे. ते सविस्तर मांडावे, या हेतूने हा लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. ‘आपल्या शास्त्रातील सप्तव्यसनांत तंबाखूचे नाव कोठे आहे?’ असे काही बंधू हसत हसत विचारतात. नाव नाही, हे खरे. परंतु त्याचे कारण साधे आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या मार्फत ती आपल्याकडे आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग याने विजापूरच्या दरबारातून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम बादशहाला नजर केली, तेव्हा दरबारी हकिमाने या अपरिचित पदार्थाविषयी साशंकता दाखविली होती. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने धूम्रपानावर बंदीही घातली. ती टिकली नाही. म्हणजे हे व्यसन उत्तरेकडील दरबारात गेले ते आपल्याच दक्षिण मुलखातून. बीदरच्या कारागिरांनी जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी जडवून केलेले बिदरी हुक्के आज देशोदेशींच्या वस्तुसंग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. त्या कलेचा आम्हांस अभिमान आहे. हुक्क्यातील धुराचा अभिमान बाळगण्याचे मात्र कारण नाही.

शिवाय श्रावकाच्या बारा व्रतांत ‘अनर्थदंड विरती’ आणि ‘भोगोपभोग परिमाण’ ही दोन व्रते आहेत. ज्या कृतीपासून कोणताही अर्थ साधत नाही आणि हिंसा मात्र घडते, ती टाळावी, हा पहिल्याचा आशय. विडी पेटविण्याइतके निरर्थक हिंसेचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. तेव्हा नावाचा शोध घेण्यापेक्षा तत्त्वाकडे पाहणे श्रेयस्कर, असे आमचे नम्र मत आहे.

आता शरीराकडे वळू. धुरातून तीन मुख्य शत्रू आत शिरतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड वायू. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. त्यामुळे प्राणवायूची जागा अडते आणि हृदयाला अधिक राबावे लागते. दुसरा निकोटीन. तो अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतो, क्षणभर तरतरी देतो आणि पुढच्या विडीची मागणी नोंदवून जातो. तिसरे डांबर, म्हणजे शेकडो रसायनांचा तो चिकट थर. कर्करोगास कारण होणारी द्रव्ये त्यातच असतात. विडीत तंबाखू थोडी असते म्हणून ती सौम्य, असा समज आहे, तो चुकीचा आहे. तेंदूचे पान सहज पेट घेत नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि त्यामुळे धूर फुप्फुसांत खोलवर जातो.

शेवटची विडी विझविली की शरीर मुहूर्त पाहत बसत नाही. सुमारे २० मिनिटांत नाडीचे ठोके व रक्तदाब उतरू लागतात. निकोटीन दर दोन तासांनी जवळजवळ निम्मे होत जाते. १२ तासांपासून एका दिवसाच्या आत कार्बन मोनॉक्साइड रक्तातून बहुतांशी निघून जातो आणि प्राणवायूला आपली जागा परत मिळते. त्यानंतरच्या काही दिवसांत चव व वास यांची शक्ती सुधारू लागते. आमटीला आणि तुपाच्या फोडणीला एवढा गंध असतो, हे काहींना वर्षांनी पुन्हा उमगते. २ ते १२ आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते व चालताना कमी धाप लागते. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केस, जे धुरामुळे लुळे पडलेले असतात, ते पुन्हा आपले झाडण्याचे काम करू लागतात. या काळात खोकला काही दिवस उलट वाढू शकतो; पुष्कळ लोक घाबरून तेव्हाच पुन्हा विडीकडे वळतात. वस्तुतः तो बहुधा साफसफाईचा खोकला असतो. १ ते ९ महिन्यांत तो ओसरतो. मात्र थुंकीतून रक्त पडल्यास, वजन घटत असल्यास किंवा खोकला हटतच नसल्यास अंदाज न बांधता डॉक्टरांस दाखवावे. क्षय व कर्करोग यांची शंका वेळीच दूर झालेली बरी.

एका वर्षानंतर हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो. १० वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका, विडी चालूच ठेवणाऱ्याच्या तुलनेत, सुमारे निम्मा होतो. १५ वर्षांनी हृदयविकाराचा धोका कधीच न ओढणाऱ्याच्या जवळ येऊन ठेपतो.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. इंग्लंडात रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. अभ्यास चालू असतानाच हाती आलेले आकडे पाहून डॉल यांनी स्वतः धूम्रपान सोडले. १९५१ पासून त्यांनी सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांच्या सवयींचा पन्नास वर्षे मागोवा घेतला. त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्याचे सरासरी १० वर्षांचे आयुष्य घटते. परंतु साठाव्या वर्षी सोडल्यास सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडल्यास जवळजवळ संपूर्ण १० वर्षे परत मिळतात. आपल्या देशातही २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत विडीमुळे पुरुषांची सुमारे ६ वर्षे, स्त्रियांची ८ वर्षे आणि सिगारेटमुळे पुरुषांची १० वर्षे जातात, असे आढळले. ‘आता वय झाले, सोडून काय लाभ?’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनी साठाव्या वर्षाचा तो ३ चा आकडा ध्यानात ठेवावा.

फुप्फुसांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका लहान अभ्यासात, धूम्रपान सोडलेल्या व्यक्तींच्या श्वासनलिकेतील ४० टक्क्यांपर्यंत पेशी कधीही न ओढणाऱ्याच्या पेशींसारख्या निर्दोष आढळल्या. धुरातून बचावलेल्या काही पेशी वाढून बिघडलेल्यांची जागा घेत असाव्यात, असा संशोधकांचा तर्क आहे. तथापि, सर्वच काही परत येते असे म्हणणे सत्याला सोडून होईल. फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती एकदा फाटल्या की त्या पुन्हा जुळत नाहीत. अशा रुग्णाने विडी सोडल्यास पुढील ऱ्हासाचा वेग मात्र मंदावतो. मुद्दल गेले असले तरी व्याजाचा मारा थांबतो, आणि व्यापाऱ्याला याचे मोल सांगावयास नको.

‘वीसच्या ऐवजी एकच ओढतो’ हा तोडगाही फसवा आहे. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या सुमारे निम्मा भरतो. हा सौदा प्रमाणशीर नाही. त्याचप्रमाणे विडी सोडून गुटखा, मिश्री किंवा तंबाखू-चुना धरणे म्हणजे एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढणे होय.

आता आपल्या समाजाच्या एका विशेष सोयीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. निकोटीनची तलफ, चिडचिड, निद्रानाश, एकाग्रतेचा अभाव या गोष्टी पहिल्या आठवड्यात, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत शिखर गाठतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. आपले पर्युषण आठ दिवसांचे, दशलक्षण दहा दिवसांचे. जे बंधू या पर्वात विडीला हात लावीत नाहीत, ते नकळत त्या खडतर घाटाचा सर्वांत चढणीचा टप्पा ओलांडून आलेले असतात. परंतु पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या ओट्यावर बसून पुन्हा काडी पेटते, आणि केलेली सारी कमाई एका झुरक्यात खर्ची पडते. ज्याने आठ दिवस काढले, त्याला पुढचे वीस दिवस अशक्य नाहीत. पच्चक्खाण घेताना मुदत पर्वापुरती न घालता निदान कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, चातुर्मासाअखेरपर्यंत घालावी. तोवर शरीराची मागणी बहुतांशी थंडावलेली असते आणि उरते ती केवळ सवय.

त्या सवयीसाठी काही व्यवहारी सूचना. विडी आणि चहा यांची जोडी प्रथम मोडावी. तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहातील कॅफीनचा निकाल झपाट्याने लावते. धूर बंद होताच तेच कॅफीन रक्तात अधिक काळ राहते. म्हणून पहिल्या आठवड्यात वाटणारी अस्वस्थता काही अंशी चहाचीही असू शकते. तो निम्मा करून पाहावा. भूक वाढते व पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढू शकते. शेंगदाणे-फरसाणाऐवजी बडीशेप, वेलदोडा किंवा लवंग तोंडात धरावी. मधुमेहाची किंवा दम्याची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांस सांगून सोडावे, कारण काही औषधांची मात्रा बदलावी लागते. निकोटीनचा च्युइंगगम व चिकटपट्टी यांचेही साहाय्य वैद्यकीय सल्ल्याने घेता येते. ते घेण्यात कमीपणा नाही. शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. आणि एखादे वेळी व्रत मोडले तर सारे संपले असे मानू नये. पुष्कळांना ते कायमचे साधते ते अनेक प्रयत्नांनंतर.

शेवटी दुकानाविषयी दोन शब्द, जे आम्हांस टाळता येत नाहीत. किराणा दुकानात तेल-साबणाच्या शेजारी विडीचे कट्टे ठेवलेले असतात, आणि गिऱ्हाईक तुटेल या भीतीने ते हलविले जात नाहीत. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई केली, तसेच शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीस बंदी केली. कर्नाटकात तर २०२५ मध्ये ही वयोमर्यादा एकवीस वर्षांची झाली. कायदा एवढेच मागतो. धर्म त्याहून अधिक मागतो काय, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गादीवर बसून करावा. घरातील धुराचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. बाप विडी ओढतो आणि दम्याचा झटका मुलाला येतो, कानाचा व छातीचा विकार नातवाला होतो. त्यांनी हे व्यसन कधीच पत्करलेले नसते.

संवत्सरीला आपण घरोघर जाऊन ‘मिच्छामि दुक्कडम्‌’ म्हणतो. प्रतिक्रमणाचा अर्थच मुळी केलेल्या दोषापासून मागे फिरणे असा आहे. ज्यांनी वर्षभर आपला धूर श्वासावाटे घेतला, त्या घरच्या माणसांची क्षमा मागताना खिशात विडीचा कट्टा नसावा, एवढीच आमची सर्व बंधूंना विनंती आहे.