आजीच्या सुरकुत्या आणि आयएसओ ६४००

‘मॅडम, एक लाख दोन हजार चारशे!’

नाशिकच्या कॅमेऱ्याच्या दुकानातला मुलगा असं म्हणाला तेव्हा मला वाटलं, किंमत सांगतोय. पण तो आयएसओ सांगत होता. (किंमत त्याच्याही वर होती. ती त्यानं नंतर, जरा हळू आवाजात सांगितली.)

मी तिथं का उभी होते, ते आधी सांगते. माझं आजोळ चांदवडचं. मुंबई-आग्रा हायवेवर नाशिकच्या पुढं तासा-दीड तासावर. नवरात्रात तिथल्या रेणुकामातेच्या डोंगराला गर्दी लोटते, आणि आमच्या घरी देवघरात घट बसतो. मागच्या नवरात्रात संध्याकाळी आजी घटावर माळ चढवत होती. उजेड फक्त समईचा. मी पाच-सहा फोटो काढले. फ्लॅश मारला असता तर समईचा अर्थच गेला असता, म्हणून नाही मारला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो काय दिसला राव! मी तो लगेच एका मासिकाला पाठवला. पान ठरलं होतं, मानधनही ठरलं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं : नॉइज फार आहे, पूर्ण पान जाणार नाही.

कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर खरंच. आजीच्या गालावर कुणी रवा भुरभुरावा तसे दाणे. पदराच्या सावलीत तर लाल-हिरवे ठिपके.

आता अशा वेळी आपण सगळे काय करतो? नवीन कॅमेऱ्याचा ईएमआय किती बसेल ते बघतो. मीही बघितला. फ्रीलान्सरच्या घरात ईएमआय ही गंमत नाही, त्यामुळे दुकानातून बाहेर पडले आणि आधी एक दिवसासाठी फुल फ्रेम कॅमेरा भाड्यानं घेतला. सोबत माझा जुना, लहान सेन्सरचा कॅमेरा. गाडी पकडली आणि थेट चांदवड.

वाटेत थोडं डोक्यात साफ करून घेतलं. आयएसओ वाढवला म्हणजे सेन्सर जास्त उजेड पकडतो, हा आपला गोड गैरसमज. उजेड किती येणार हे लेन्सचं तोंड आणि शटरची वेळ ठरवतात. आयएसओ नंतरचा, आलेला सिग्नल मोठा करून दाखवणारा. आणि उजेड पावसासारखा थेंबाथेंबानं पडतो. अंगणात सारखी भांडी मांडली तरी प्रत्येकात सारखे थेंब पडत नाहीत. सरासरी शंभर थेंब पडले, तर इकडंतिकडं दहाचा फरक असतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार पडले तर फरक शंभराचा, म्हणजे फक्त एक टक्का. फोटोतला रवा म्हणजे मुख्यतः हाच फरक. चांदवडसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात हे गणित कुणाला समजवावं लागत नाही : पाऊस कमी, तर हिशेब ओढाताणीचा.

पहिली टेस्ट दुपारी रंगमहालात केली. अहिल्याबाई होळकरांच्या काळाशी जोडलेला हा वाडा. कोरीव लाकडी खांब, भिंतींवर जुनी चित्रं, आणि आतल्या भागात भर दुपारीही संध्याकाळ. परवानगी विचारून ट्रायपॉड लावला. दोन्ही कॅमेरे, सारखीच फ्रेम, सारखंच अॅपर्चर, सारखंच शटर, फाइल रॉ. हा सारखेपणा महत्त्वाचा, कारण आयएसओचा आकडा कंपनीगणिक थोडा पुढंमागं असतो. त्याचं जे मानक आहे, त्याच्या २००६च्या आवृत्तीनंच कंपन्यांना त्यात बरीच मोकळीक दिलीय. एकाचा ३२०० म्हणजे दुसऱ्याचा ३२०० असेलच असं नाही.

संध्याकाळी घरी देवघरात समई लावून हेच पुन्हा. आजी माळ हातात घेऊन बसली. ‘अगं, आणखी किती वेळ? आरती राहिलीय,’ हे तिनं तीनदा विचारलं.

रात्री लॅपटॉप उघडला. आधी जेपीईजी बघितले. भाड्याच्या कॅमेऱ्याचा आयएसओ ६४००चा फोटो एकदम गुळगुळीत. मी खूश! आजीला दाखवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला.

‘माझ्या सुरकुत्या कुठं गेल्या?’

बॉस, इथं माझी ट्यूब पेटली. कॅमेरा जेपीईजी बनवताना नॉइज पुसतो, आणि पुसताना त्याला दाणा कुठला आणि सुरकुती कुठली हे नीट कळत नाही. पदराची वीण गेली होती, भुवईचे केस मेणासारखे झाले होते. म्हणजे ‘नॉइज कमी’ हा निम्माच प्रश्न. दुसरा निम्मा प्रश्न : काय काय गेलं? तेव्हापासून मी नॉइज बघताना मोकळ्या भिंतीकडं बघत नाही. केस, विणकाम, लाकडावरची बारीक नक्षी, आणि सावलीतला रंग बघते. काळे-पांढरे दाणे डोळा चालवून घेतो, रंगीत डाग चालवून घेत नाही.

मग रॉ फाइल्स. दोन्हीकडं नॉइज रिडक्शन शून्यावर. शंभर टक्के झूम केल्यावर दोन्हीकडं रवा होता, माझ्या कॅमेऱ्यात जास्त. पण शंभर टक्क्यांवर फोटो छापतं कोण? ए-फोर पानाला ३०० डीपीआयनं साधारण ८.७ मेगापिक्सेल लागतात. माझा कॅमेरा २४चा. म्हणजे छापताना जवळपास तीन पिक्सेलचा एक होतो आणि नॉइज आपोआप दबतो. सेन्सरला मार्क देणारी डीएक्सओमार्कची साइटसुद्धा सगळ्यांना ८ मेगापिक्सेलच्या प्रिंटवर आणून मगच तुलना करते. दोन्ही फोटो पानाच्या आकारात शेजारी ठेवले, तेव्हा माझा ३२०० आणि त्याचा ६४०० यांत फरक शोधावा लागत होता. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ माझ्या सेन्सरच्या सुमारे २.३५ पट आहे. स्टॉपच्या भाषेत सव्वा स्टॉप. फरक आहे, पण लाखाचा?

तुलनेसाठी इतिहास बघा. २००४चा निकॉन डी७० आयएसओ १६००वर थांबायचा. २००७च्या डी३नं ६४०० नेहमीच्या रेंजमध्ये आणला, आणि ओढूनताणून २५६००. ती झेप होती. त्या काळात बॉडी बदलणाऱ्याला खरंच नवीन डोळे मिळत होते. आज दोन-तीन वर्षांच्या अंतरातल्या दोन बॉडींत, सेन्सरचा आकार तोच असेल तर, तसं काही घडत नाही.

मग माझा तो नापास फोटो उघडला. त्यातली माहिती बघितली आणि स्वतःचाच राग आला. आयएसओ ८००! ‘आठशेच्या वर जायचं नाही’ हा कुठून तरी उचललेला नियम मी पाळला होता. फोटो काळा आला आणि मी तो कॉम्प्युटरवर दोन स्टॉप उजळला होता. माझ्यासारख्या जुन्या सेन्सरवर हे सरळ ३२०० ठेवण्यापेक्षा वाईट दिसतं, आणि सावल्यांत ते लाल-हिरवे ठिपके येतात ते असे. मासिकानं कॅमेरा नापास केला नव्हता, मला केलं होतं.

आणि लेन्स? माझी कॅमेऱ्यासोबत आलेली झूम ५० एमएमला फक्त एफ ५.६पर्यंत उघडते. ५० एमएम एफ १.८ची साधी लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. नवीन बॉडीचे २.३५ पट आणि या लेन्सचे दहापट. शाळेतलं त्रैराशिक आठवा.

सॉफ्टवेअरचंही बघून घेतलं. २०२०मध्ये डीएक्सओचं डीपप्राइम आलं, २०२३मध्ये अॅडोबीनं लाइटरूममध्ये एआय डीनॉइज दिलं. जुन्या रॉ फाइलवर चालवून बघा, थक्क व्हाल. फक्त स्लायडर पूर्ण ओढू नका, नाहीतर आजी पुन्हा सुरकुत्या विचारेल.

भाड्याच्या कॅमेऱ्याला मी नावं ठेवत नाहीये. अंधारात त्याचा फोकस झटकन बसत होता. माझा समईसमोर चाचपडत होता. लग्नं शूट करणाऱ्यांनी, नाटकं शूट करणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. मी तो दुसऱ्या दिवशी परत केला आणि सेकंडहँड ५० एमएम एफ १.८ घेतली.

या नवरात्रात पुन्हा देवघर, पुन्हा समई. आधीच्या टेस्टला एफ ५.६, १/३० आणि ६४०० लागलं होतं. आता एफ २, १/६०, आयएसओ १६००. दाणा जवळजवळ नाही, सुरकुत्या सगळ्या जागेवर. फोटो घेऊन आजीकडं गेले.

‘मी दिसते गं,’ ती म्हणाली, ‘पण घट कुठंय?’

घट मागं मस्त धूसर झाला होता, मोठ्या उघड्या लेन्सनं होतो तसा. आजीला ती धूसरता मान्य नव्हती. मग एफ ४ केलं, शटर तेच, आयएसओ पुन्हा ६४००. थोडा रवा परत आला, आणि घट दिसला, त्यावरची झेंडूची माळही. आजीनं तोच फ्रेम करायला सांगितला.