बँडच्या बाजूची गॅलरी

सर्कशीचा तंबू लागला की अँटॉप हिलच्या आमच्या वसाहतीत आधी दराची चर्चा होते. यंदा फलकावर ‘संगीत सर्कस’ असं ठळक लिहिलेलं होतं आणि त्याखाली दर: ३००, ५००, ८००. शेजारच्या वहिनींनी जिन्यातच हिशेब मांडला. "चौघं गेलो तर दोन हजार. वर मुलांचं खाणं. आणि गाणीच ऐकायची तर ती मोबाईलवर फुकट आहेत की!" त्यांचा मुद्दा रास्त होता. महिनाअखेरीला दोन हजार ही सहज सोडून द्यायची रक्कम नव्हे.

मला तिकिटाच्या आधी आवाजाने ओढलं. भर दुपारी वडाळ्याकडून परतताना मैदानाच्या पत्र्यांआडून ड्रम ऐकू आला. एक लांब थरथर, मग झांजेचा एक फटका. पुन्हा तीच थरथर, पण या वेळी फटका जरा उशिरा. पुन्हा तीच, फटका आणखी उशिरा. कुणीतरी एकच जागा घासूनपुसून बसवत होतं. खेळाला अजून वेळ होता, गेटवर चिटपाखरू नव्हतं. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला बेंजो पार्टीची तालीम ओळखता येते, ही तशी नव्हती. तिथे ठेका धरून ठेवायचा असतो. इथे तो कुणासाठी तरी ताणला जात होता. विचारत विचारत आत गेले.

तंबूच्या आत दुपारी तापलेल्या ताडपत्रीचा आणि जनरेटरच्या डिझेलचा वास कोंडलेला असतो. वर झुल्यावर एक मुलगी फळीवरून झेप घेत होती आणि खाली रिंगणाच्या कडेला, लाकडी मंचावर, साठीपुढचे एक गृहस्थ मान वर करून ड्रम वाजवत होते. त्यांचं ड्रमकडे लक्षच नव्हतं. सगळा तंबू त्यांना ‘मास्टर’ म्हणतो. मूळचे मिरज तालुक्यातले. ड्रमच्या पडद्यावर चिकटपट्टीचं ठिगळ, काठ्यांच्या मुठींना विजेच्या कामाची काळी टेप गुंडाळलेली, उजव्या मनगटाला क्रेप बँडेज. मंच थोडा तिरका लावलेला होता. का, ते त्यांनी सांगितलं: सरळ लावला तर मधला खांब आड येतो आणि फळी दिसत नाही.

"पोरगी दिसली नाही तर मी वाजवू कशावर?" ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात एक आकडा सारखा येत होता. बारा. सर्कशीत ते लागले तेव्हा बँडमध्ये बारा जण होते: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, मोठा ढोल, छोटा ड्रम, ॲकॉर्डियन. आता तिघे आहेत. मास्टर, एक ट्रम्पेटवाला आणि कीबोर्डवर एक तरुण. चौथा म्हणायचा तर लॅपटॉप, तो सांभाळणारा मुलगा दिव्यांचंही बघतो. "बारा होतो ताई. बारा जणांची पंगत बसायची," असं सांगून ते पुन्हा वर बघू लागले.

झुल्याची लय कोण ठरवतो, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं. दोर ठरवतो. शाळेत लंबकाचा पाठ होता: हेलकाव्याला लागणारा वेळ वजनावर नसतो, लांबीवर असतो. त्या हिशेबाने पाच मीटरचा दोर असेल तर जाऊन परत यायला साधारण साडेचार सेकंद लागतात, मग टोकाला हडकुळी मुलगी असो की तिला पकडणारा आडदांड गडी. दोन झुले, दोन माणसं आणि हवेत एकमेकांचं मनगट सापडायची एक निसटती वेळ. कलावंत फळीवर अर्धा क्षण जास्त थांबला, हाताला घाम आला, पकडणाऱ्याचा झोका जरा आखूड पडला, तर सगळंच पुढे सरकतं. ड्रमची थरथर तेवढीच लांबवावी लागते. हात हातात पडला की फटका. आधी नाही, नंतर नाही.

रेकॉर्ड केलेल्या गाण्याला हे करता येत नाही. ते सुरू झालं की आपल्या वेळेला संपतं.

संध्याकाळी सातच्या खेळाला मी तिकीट काढून बसले, पाचशेचंच. मधला दर पाचशेवर थांबण्याला कारणही असावं. माणशी पाचशेपर्यंतच्या सर्कशीच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याच्या वर कर लागतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मात्र माझ्या मनाला भिडली नाहीत. चमकीच्या झग्यातली एक गायिका हिंदी गाणी म्हणत होती, म्हणजे ओठ हलवत होती. मागे लेझरचे हिरवे किरण आणि धूर. सायकलवरच्या मुली सुरेख होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरी करत नऊ जणी एका सायकलवर चढल्या, पण गाणं इतकं दणदणत होतं की चाकांची करकर, त्यांचे एकमेकींना दिलेले इशारे, काहीच पोचेना. अंगमेहनतीचा खेळ गाण्याच्या चित्रफितीसारखा वाटू लागला. वहिनींचं म्हणणं मला तेव्हा पटत होतं. हे मोबाईलवर फुकट आहे.

मग लॅपटॉप गप्प झाला आणि तिघांनी वाजवायला घेतलं.

जोकर पडल्यावर पडण्याचा आवाज ड्रमने काढला आणि गॅलरीतली पोरं खिदळली. रोला-बोलावर, म्हणजे गडगडत्या नळकांड्यावर ठेवलेल्या फळीवर, एक मुलगा तोल सांभाळत उभा राहिला तेव्हा ट्रम्पेट एका सुरावर थांबून राहिला. फळी डावीकडे कलली की सूर किंचित हलायचा. मुलींनी दोरावर लेझीम केली, तिचा ठेका त्यांच्या हातातूनच येत होता आणि ड्रम मागून साथ देत होता. संगीत सर्कस म्हणायचं तर ही.

झुल्याच्या वेळी पहिली झेप चुकली. हात हाताला लागला, निसटला आणि ती मुलगी पाठीवर जाळीत पडली. माझ्या पुढच्या बाकावरचे आजोबा "मुद्दाम करतात हो" म्हणाले. असेलही, उत्कंठा वाढवायला तशी एक चूक ठेवतातच. पण मी मास्टरांकडे बघत होते. फटका पडला नव्हता. थरथर सुरूच होती, फक्त अगदी हलकी, काठ्या पडद्याला जेमतेम टेकत होत्या. ती जाळीच्या कडेला आली, उतरली, दोरशिडी चढू लागली, आणि तेवढा सगळा वेळ तो आवाज तिच्या पायऱ्यांबरोबर वर चढत राहिला. एकाही प्रेक्षकाने खाली मोबाईलकडे बघितलं नाही. दुसऱ्या झेपेला मनगट सापडलं आणि झांज वाजली. तंबू उठून उभा राहिला.

नंतर मी त्यांना विचारलं, ते मुद्दाम होतं का. ते म्हणाले, "आजचं खरं होतं. मुद्दाम पडते तेव्हा ती पडतापडताच हात छातीशी घेते. आज हात वरच राहिले होते." मग म्हणाले, "ती वर जाईपर्यंत ड्रम थांबला असता तर तिला वाटलं असतं की संपलं."

हे ऐकल्यापासून दुसऱ्या एका बँडची हकिगत माझ्या डोक्यातून जात नाही. ६ जुलै १९४४ ला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात रिंगलिंग सर्कशीच्या तंबूला आग लागली. बँडप्रमुख मर्ल इव्हान्स यांनी ज्वाळा पाहिल्या आणि चालू तुकडा तोडून संगीतकार सूसाची एक प्रसिद्ध कवायतधून सुरू केली. सर्कशीच्या लोकांसाठी ती धून म्हणजे संकटाची खूण होती. प्रेक्षकांना न घाबरवता सगळ्या कामगारांना कळावं म्हणून ठरवलेली. त्या दिवशी शंभराहून अधिक माणसं गेली, पण ती खूण ऐकून कामाला लागलेल्यांनी कित्येकांना बाहेर काढलं. बँड म्हणजे करमणुकीचा सरंजाम, आणि पैसे कमी पडले की आधी तोच कापायचा, असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकावी.

आपल्याकडे तर सर्कस आणि गाणं एकाच माणसाच्या हातून आलं. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला गेले, तिथे घोड्यांची विद्या शिकले आणि हद्दूखाँसाहेबांकडे गाणंही शिकले. पुढे मुंबईत कियारिनीची परदेशी सर्कस पाहून त्यांनी स्वतःची उभी केली. पहिला खेळ मुंबईतच झाला, २० मार्च १८८० ला. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ विपन्नावस्थेत भटकत होते, त्यांना छत्र्यांनी आपल्याजवळ आणलं, सर्कशीच्या लवाजम्याबरोबर गावोगाव नेलं, त्यांची गाणी करवली. ग्वाल्हेर घराण्याचा एवढा मोठा गवई तंबूच्या आसऱ्याने जगला आणि गायला. खाँसाहेब १९२२ साली कुरुंदवाडला वारले. मास्टरांना मी छत्र्यांचं नाव काढताच ते सावरून बसले. "आमच्याच मुलखातले. म्हैसाळच्या देवलांचीही होती सर्कस." त्यांच्या आवाजात घरच्या माणसाबद्दलचा अभिमान होता.

आज सर्कशीला गाण्याचा आधार लागतो, त्याला कारणं आहेत. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांचे खेळ थांबले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये न्यायालयाने मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यास मनाई केली. दोन्ही निर्णय योग्यच होते, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्यासाठी लोक तिकीट काढत होते तेच गेलं आणि रिकामी जागा कशाने भरायची, हा प्रश्न प्रत्येक मालकाने आपापल्या परीने सोडवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सर्क दु सोले या परदेशी सर्कस कंपनीने आपल्या ‘बझार’ या खेळाचा जगातला पहिला प्रयोग केला. तिथे एकही जनावर नव्हतं. त्या मंडळींकडे पैसा अफाट, पण एक गोष्ट ते सहसा सोडत नाहीत: वाजवणारी माणसं खेळाच्या जागी असतात आणि कसरत लांबली की तुकडा लांबवतात. अँटॉप हिलच्या तंबूत मास्टर चिकटपट्टीच्या ड्रमवर नेमकं हेच करतात.

त्यांना मिळतं काय? राहायला तंबूमागची खोली, दोन वेळचं जेवण, पगार. आकडा त्यांनी सांगितला, पण तो छापू नका म्हणाले. एवढंच लिहिते की आठशेच्या तिकिटाची एक रांग भरली तरी तो निघावा. मालकांची बाजूही मी ऐकली. मैदानाचं भाडं, अग्निशमनाचे परवाने, डिझेल, चाळीस-पन्नास माणसांची रोजची चूल. खर्च कमी करायला बसलं की वाजवणारा पहिला दिसतो, कारण तो गेल्याची तक्रार काउंटरवर कुणी करत नाही. बारा जणांचे तिघे असेच झाले असतील.

आणि इथेच तिकिटाच्या किमतीचा खरा प्रश्न आहे. मास्टर सहज बोलून गेले की आठवड्यातल्या दुपारी एकच्या खेळाला गर्दी नसते, तेव्हा बँड बसत नाही, लॅपटॉपच चालतो. झुलासुद्धा रेकॉर्डवर. झेप चुकली तर? "तर गाणं पुढे जातं. पोरगी शिडीवर असते आणि स्पीकरमधून टाळ्या वाजतात." दर मात्र तोच, ३००, ५००, ८००. हे मला अजिबात मान्य नाही. फलकावर ‘संगीत सर्कस’ लिहायचं आणि वाजवणारी माणसं कोणत्या खेळाला असतील ते काउंटरवर सांगायचंच नाही, हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे आणि वाजवणाऱ्यांवर त्याहून मोठा. त्यांची किंमत लोकांना कळावी कशी?

वहिनींना मी सांगितलं: जा. दुपारचा खेळ नको, सातचा घ्या, आणि काउंटरवर स्पष्ट विचारा की बँड आहे का. नाही म्हणाले तर परत फिरा. असेल तर आठशेच्या खुर्च्यांच्या नादी लागू नका, तिथून लेझरच जास्त दिसतो. पाचशेचीही गरज नाही. तीनशेचं गॅलरीचं तिकीट काढा, चौघांचे बाराशे, आणि आत शिरल्यावर डाव्या हाताला, मंचाच्या बाजूला बसा. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पोरांना खाऊ घाला. झुला लागला की एक डोळा वर ठेवा आणि एक मास्टरांच्या काठ्यांवर.

वहिनी रविवारी सातच्या खेळाला गेल्या. सोमवारी जिन्यात भेटल्या तेव्हा बाराशेबद्दल काहीच बोलल्या नाहीत. धाकट्याने स्वयंपाकघरातले दोन डबे काढून ठेवलेत आणि बहीण पलंगावरून उडी मारेपर्यंत तो थरथर वाजवत बसतो, एवढं सांगून त्या घाईघाईने भाजीला गेल्या.