विमान तपासणारा सरकारी माणूस

कापडाच्या ताग्यात दोष निघाला तर आपण माल परत पाठवतो. विमान एकदा उडाले की अशी सवलत नाही. म्हणून तपासणी जमिनीवरच झाली पाहिजे. ती जिम्मेदारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या निरीक्षकांची.

हे काम आपल्यापासून दूरचे नाही. धुळ्याजवळ गोंदूरला, शिरपूरला व जळगावला वैमानिकांचे प्रशिक्षण होत आले आहे. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक वैमानिक दगावले, विद्यार्थिनी जखमी झाली.

निरीक्षकांपैकी दोन प्रकार असे. अभियंता निरीक्षक यंत्र आणि दुरुस्तीच्या नोंदवह्या पाहतो; वैमानिक निरीक्षक उड्डाण व प्रशिक्षण पाहतो. विमान धोक्याचे वाटल्यास ते जमिनीवर रोखून धरता येते. मालकाचे नुकसान होते, पण माणूस वाचतो.

अपघातानंतरची चौकशी मात्र २०१२ पासून वेगळा विभाग करतो. त्याचा उद्देश कोणाला शिक्षा देणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे.

अभियंता निरीक्षकांची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत होते. विज्ञान-अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हा मार्गही ध्यानात ठेवावा.