जुनी छोटी एसयूव्ही : घ्यावी की सोडावी?

चारचाकी घेणे ही आपल्या बहुतेक घरांत आयुष्यात एक-दोनदाच घडणारी गोष्ट. नवी छोटी एसयूव्ही घ्यायची म्हटले की किंमत हाताबाहेर जाते, आणि व्याजाचे कर्ज नको म्हणून अनेक कुटुंबे हप्त्यांचा विचारही करत नाहीत. मग भिशीचे पैसे, कापसाचे पैसे, कधी अम्मीच्या बांगड्या असे सगळे एकत्र करून जुनी गाडी घेतली जाते. ती सहा महिन्यांत गॅरेजात जाऊन बसली तर घराची पाच-सहा वर्षांची बचत तिच्याबरोबर अडकते.

आम्ही खुलताबादचे राहणारे. मोठा दवाखाना, कॉलेज, कोर्ट, लग्नाची खरेदी या सगळ्यासाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले औरंगाबाद, गाठावे लागते. अंतर सुमारे २५ किलोमीटर, पण मध्ये दौलताबादचा घाट. दुसऱ्या बाजूला कन्नड आणि त्यापुढे चाळीसगावकडे उतरणारा घाट. अब्बांना रात्री-अपरात्री घाटी रुग्णालयात न्यायची वेळ आली तर गाडी सुरू होईल की नाही, ही शंका मनात येता कामा नये. गेल्या वर्षी आम्ही दोघा भावांनी मिळून गाडी शोधली. दोन महिन्यांत पाच गाड्या पाहिल्या आणि चार सोडल्या. त्यातून जे हाती लागले ते, आणि कायद्याने जे पक्के आहे ते, वाचकांपुढे ठेवत आहोत.

लोक पहिल्यांदा विचारतात, "कोणती कंपनी भरवशाची?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर एक दहा वर्षे साथ देईल आणि दुसरी दहा महिनेही देणार नाही. भरवसा नावावर ठेवायचा नसतो, त्या एका गाडीच्या इतिहासावर ठेवायचा असतो.

आधी आपला वापर

गाडी रोज किती धावणार, हे घरात बसून ठरवा. शाळा, बाजार आणि वेरूळपर्यंतची तीन-चार किलोमीटरची ये-जा एवढाच वापर असेल तर पेट्रोल गाडी बरी. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. तिला मेकॅनिक डीपीएफ म्हणतात. गाडी सलग वेगात धावली की साठलेली काजळी जळून जाते. गाडी फक्त गल्लीबोळात फिरली तर गाळणी तुंबते, आणि ती बदलणे महागात पडते. रोज शहरात नोकरीला जाणाऱ्याला मात्र डिझेल परवडू शकते.

दुसरी गोष्ट घरातल्या माणसांची. गाडी पाहायला फक्त पुरुषांनी जाऊ नये. ज्या अम्मीचे गुडघे दुखतात तिला एकदा मागच्या सीटवर चढून-उतरून पाहू द्या. चार मीटरच्या आतल्या या गाड्या बाहेरून उंच आणि मोठ्या दिसतात, पण मागे मधल्या माणसाला जागा बेताचीच असते.

कोणती गाडी, कोणत्या सालची

मारुतीची विटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये आली ती फक्त १.३ लिटर डिझेल इंजिनात. तेच इंजिन डिझेल स्विफ्ट आणि डिझायरमध्ये होते, त्यामुळे त्याची नाडी ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. त्याला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे. पण इंजिन ऑइल वेळेवर बदलले नसेल तर हीच चेन आणि टर्बो त्रास देतात. फेब्रुवारी २०२० पासून ब्रेझा १.५ लिटर पेट्रोलमध्ये आली.

टाटाची नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मधली. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली कार ठरली. ब्रेझाला त्याच वर्षी चार तारे मिळाले होते. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० फेब्रुवारी २०१९ मध्ये आली आणि तिलाही पुढे पाच तारे मिळाले. ह्युंदाईची व्हेन्यू मे २०१९ मधली.

फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. सेवा आणि सुटे भाग देत राहू, असेही सांगितले. कंपनी बंद झाली म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पण ती स्वस्त मिळत असेल तर आधी आपल्या मिस्त्रीला विचारा : हेडलाइट फुटली तर किती दिवसांत मिळेल? भरवशाच्या गाडीचा अर्धा अर्थ, बिघडल्यावर चार दिवसांत दुरुस्त होणारी गाडी, असाच आहे.

कागद आधी, चावी नंतर

आम्ही सोडलेल्या चार गाड्यांपैकी दोन कागदांवरच सुटल्या. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर टाकला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत हे समजते. एका गाडीचा मालक स्वतःला पहिला म्हणत होता. नोंदीत तो तिसरा निघाला. दुसऱ्या गाडीवर बँकेचा बोजा तसाच होता.

पाहायच्या गोष्टी अशा :

• आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अंक-अंक जुळवा.

• कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. "नंतर आणून देतो" यावर इसार देऊ नका.

• मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर फॉर्म २८ म्हणजे तिथल्या आरटीओचे ना हरकत पत्र, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. एमएच-२० पासिंगची गाडी थोडी महाग वाटली तरी हा हिशेब करून पाहा.

• ई-चलनाचे थकलेले दंड तपासा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही पाहा.

• विम्याच्या कागदावर 'नो क्लेम बोनस' किती टक्के आहे ते वाचा. ५० टक्के म्हणजे सलग पाच वर्षे दावा केलेला नाही. सहा वर्षांच्या गाडीवर तो शून्य दिसला तर आधी विम्याचा दावा झाला होता का आणि कशासाठी, हे विचारा. हा बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही. विम्याचा खर्च त्याप्रमाणे धरा.

सर्व्हिसची नोंद सगळ्यांत बोलकी. मीटरवर ४५,००० किलोमीटर आणि तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिस बिलावर ६८,००० असे असेल तर पुढे पाहायचे कारणच उरत नाही. बिल नसतील तर पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली चमक आणि चालकाची दबलेली सीट मीटरशी जुळते का ते पाहा. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेल्या म्हणून दाखवलेल्या गाडीचे टायर तिसऱ्यांदा बदललेले कसे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

थंड इंजिन खोटे बोलत नाही

विकणाऱ्याला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोहोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. एका ठिकाणी बोनेट गरम लागले. "आत्ताच धुऊन आणली," असे उत्तर मिळाले. "उद्या फजरनंतर येतो, थंडच ठेवा," म्हटले तर मालक तयार होईना. ती गाडी आम्ही तिथेच सोडली.

थंड इंजिन सुरू करताना एकाने मागे उभे राहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट इंजिनात शिरते आहे. डिझेल गाडीने काळा धूर टाकला तर इंधन, हवा किंवा टर्बोचे काम तपासावे लागेल. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ फेस दिसला तर पुढे बोलणी नकोत. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर दिवा काढून टाकून दोष झाकलेला असू शकतो.

घाट हा आपला परीक्षक

शहरातला दलाल गाडी सपाट रस्त्यावर दोन चौक फिरवून देतो. आपल्याकडे त्याहून चांगली जागा आहे. दौलताबादच्या किल्ल्यापासून खुलताबादकडे येणारी चढण हीच खरी परीक्षा. श्रावणातले शनिवार आणि उरुसाचे दिवस टाळा, कारण तेव्हा रस्ता माणसांनी भरलेला असतो. साध्या दिवशी सकाळी जा, चार माणसे बसवा आणि एसी चालू ठेवा.

चढताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच प्लेट संपत आली आहे. तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला पाहिजे. तो वर सरकू लागला तर रेडिएटर, पंखा किंवा त्याहून मोठे दुखणे असू शकते. उतरताना खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्या आणि सपाटी आली की पुन्हा दाबा. त्या क्षणी मागे निळ्या धुराचा लोट दिसला तर इंजिनाच्या आतले सील किंवा रिंग झिजल्या आहेत. हा दोष सपाट रस्त्यावर सहसा दिसत नाही. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते का, मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यात शॉकअप वाजतो का, याकडेही लक्ष असू द्या. घरी आल्यावर इंजिन दहा मिनिटे चालू ठेवून खाली तेल किंवा पाणी ठिबकते का ते पाहा.

अपघात आणि पूर

रंगकाम केलेले पत्रे हा मोठा दोष नाही. दाराला ओरखडा कोणाच्याही गाडीला येतो. पण दारांमधले खांब, बोनेटखालचे पुढचे दांडे आणि डिकीतली स्टेपनीची जागा इथे वेल्डिंग दिसले तर गाडी सोडा. तिचा सांगाडाच पूर्वीसारखा राहिलेला नाही.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा असंख्य वाहने पाण्यात गेली. अशी गाडी धुऊन-पुसून कुठेही विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या पट्ट्यावर मातीचा डाग राहतो. मॅटखाली हात घालून ओल आणि वास पाहा, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा. पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग आज चालते आणि पावसाळ्यात दगा देते.

मिस्त्रीचा मशवरा आणि किंमत

गाडी आपल्या मिस्त्रीला दाखवा, विकणाऱ्याच्या नव्हे. त्याला स्कॅनर लावायला सांगा आणि त्याची मजुरी आधीच द्या, म्हणजे तो कोणाचे मन राखून बोलणार नाही. त्याने सांगितलेले दोष तीन रांगांत लिहा. पहिल्या रांगेत सोडून द्यायचे : इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा, पुराचे पाणी. दुसऱ्या रांगेत किंमत कमी करायचे : क्लच, टायर, बॅटरी, शॉकअप. तिसऱ्या रांगेत चालवून घ्यायचे : ओरखडे, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम. आम्ही शेवटी घेतलेल्या गाडीत दुसऱ्या रांगेत क्लच आणि दोन टायर होते. त्यांचा खर्च कागदावर मांडला तेव्हा मालकाने तो किमतीतून वळता केला.

हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. साधारण दहावा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी मागे ठेवा. तो ठेवता येत नसेल तर गाडी आपल्या ऐपतीपेक्षा एक पायरी वरची आहे, असे समजा. पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि बँकेची नोंद हा आपला पुरावाही असतो.

विकणाऱ्याचीही अमानत

बाजारात ओले धान्य ढिगाखाली झाकून ठेवणाऱ्याला नबी (स.) यांनी खडसावले, ही हदीस आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. लपवलेला दोष उघड झाला तर सौदा परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, हे आपल्या फिकहमध्येही स्पष्ट आहे. मीटर मागे फिरवणे आणि ओले धान्य झाकणे यात काहीच फरक नाही. आपण गाडी विकत असू तर दोष स्वतःहून सांगावेत. सौदा लिहून, साक्षीदारांसमोर करावा आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ कागदावर टाकावी.

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करण्यासाठीही १४ दिवसांतच अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते. "नाव नंतर बदलू" या एका वाक्याने दोन्ही घरे अडचणीत येऊ शकतात.

गाडी आवडली, रंग आवडला, मुले आत बसून खेळू लागली, की नाही म्हणणे जड जाते. म्हणून पाहायला जाताना इसाराचे पैसे घरीच ठेवून जा. गाड्या बाजारात पुष्कळ आहेत, पुढच्या आठवड्यात आणखी एक दिसेल. बचत मात्र एकदाच जमते. ती चांगल्या गाडीत लागली तर अब्बांच्या दवाखान्यापासून लेकीच्या कॉलेजपर्यंत, इन्शाअल्लाह, अनेक वर्षे घराच्या कामी येईल.