अंगणातील डाग, दारातील नोटीस

व्यापारी माणसाची झोप दोन गोष्टी उडवतात : खतावणीत न जुळणारी रक्कम आणि दारात आलेला अनपेक्षित लिफाफा. गेल्या दिवाळीनंतर आम्ही उभयता कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात राहणाऱ्या चिरंजीवांकडे मुक्कामाला होतो. एके दिवशी त्यांच्या हाती असाच एक लिफाफा पडला. आत छायाचित्र होते. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत जाणारी घराची काँक्रीटची वाट, जिला तेथे ड्राइव्ह-वे म्हणतात, आणि तिच्यावर परातीएवढा काळा डाग. वसाहतीच्या नियमांचा भंग झाल्याने अमुक तारखेस सुनावणी होईल, दंडही होऊ शकेल, असे पत्रात नमूद होते.

चिरंजीवांचा पहिला संशय समोरच्या शेजाऱ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे हात हलवला, तेव्हा चिरंजीवांनी तोंड फिरवले. त्याच रात्री त्यांनी भाड्याने पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचे यंत्र आणण्याचे ठरवले. "अण्णा, तासाभरात सगळे गटारात वाहून जाईल," ते म्हणाले.

आमची सांगलीत तीन पिढ्यांची खाद्यतेलाची पेढी आहे. डबा फुटून तेल फरशीवर सांडले, तर त्यावर पाणी ओतायचे नाही, हे आमच्याकडे नवा नोकरही पहिल्या आठवड्यात शिकतो. पाण्याने तेल पसरते. आधी भुसा टाकायचा. मी एवढेच म्हणालो, "यंत्र उद्या आणू. आज पत्र पुन्हा वाचू."

मंडळ आणि त्याचा अधिकार

अमेरिकेत अनेक वसाहतींत घर विकत घेणारा मालक आपोआप घरमालक मंडळाचा सभासद होतो. 'एचओए' या आद्याक्षरांनी हे मंडळ ओळखले जाते. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेशी त्याचे साम्य आहे. मात्र स्वतंत्र बंगल्याचा रंग, हिरवळ आणि ड्राइव्ह-वे यांवरही त्याचे नियम चालतात. हे नियम नोंदणीकृत घोषणापत्रात असतात व पुढील प्रत्येक मालकास बंधनकारक ठरतात. म्हणून प्रथम घोषणापत्र उघडून वाट कोणाच्या मालकीची आणि तिची निगा कोणी राखायची, हे पाहावे. जोडघरांच्या वसाहतीत ती सामायिक मालमत्ताही असू शकते.

मंडळाच्या हाती अधिकार असला, तरी त्याला मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियात 1985 साली झालेला डेव्हिस-स्टर्लिंग कायदा या मंडळांना लागू आहे. सुनावणीची लेखी सूचना किमान 10 दिवस आधी द्यावी लागते आणि सभासदास संचालकांपुढे आपली बाजू मांडता येते. 2025 च्या मध्यापासून लागू झालेल्या दुरुस्तीने सभासदास मोठा दिलासा दिला आहे. आरोग्य वा सुरक्षिततेस बाधा येत नसेल, तर एका नियमभंगास 100 डॉलरपेक्षा अधिक दंड आकारता येत नाही. आणि सुनावणीपूर्वी दोष दूर केल्यास दंड करताच येत नाही. अन्य राज्यांचे कायदे निराळे आहेत. टेक्सासमध्येही दुरुस्तीसाठी वाजवी मुदत आणि सुनावणी मागण्याचा हक्क आहे, पण तपशील वेगळा. आपल्या राज्याचा नियम पाहूनच पाऊल उचलावे.

अर्थ स्पष्ट होता. भांडणाची गरज नव्हती; मुदतीत काम करणे आणि त्याचा पुरावा ठेवणे आवश्यक होते.

आधी गळती, मग डाग

गळती चालू ठेवून डाग पुसणे म्हणजे व्याज वाढत असता मुद्दल मोजत बसणे. आम्ही रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरला व चाकांच्या जागा त्यावर आखल्या. सकाळी त्यावर जे उमटते, त्यावरून रोग कळतो. तपकिरी-काळा थेंब इंजिन तेलाचा. लालसर थेंब बहुधा गिअरपेटीच्या तेलाचा. हिरवा, नारिंगी वा गुलाबी थेंब इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा. निव्वळ पाणी असेल, तर ते वातानुकूलन यंत्रणेचे असते व चिंतेचे कारण नसते. थंडाव्याच्या द्रवाबाबत विशेष सावध राहावे. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते; ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटून प्राणास मुकतात.

आमच्या पुठ्ठ्यावर काळा थेंब होता, नेमका तेलाच्या टाकीच्या बुचाखाली. मागील खेपेस तेल बदलताना बुचाची चकती बदलली गेली नव्हती. काही डॉलरच्या चकतीपायी एवढा व्याप झाला होता.

डाग काढण्याचा क्रम

काँक्रीट दगडासारखे दिसते, पण ते सच्छिद्र असते व तेल आत शोषले जाते. ओले तेल असल्यास त्यावर मांजरांच्या शौचपेटीत वापरतात ती बेंटोनाइट माती जाड पसरावी, बुटाच्या तळव्याने रगडावी व रात्रभर ठेवावी. सकाळी झाडून पिशवीत बंद करावी. सूनबाईंनी ती माती आणली, तेव्हा मला पेढीवरचा भुसाच आठवला.

जुन्या डागासाठी अल्कलीयुक्त तेलनाशक द्रव घालावा, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि नायलॉनच्या ताठ ब्रशने घासावे. तारेचा ब्रश नको. त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके पडतात. सुटलेले मळकट पाणी पुन्हा मातीनेच टिपून घ्यावे. डाग खोल असेल, तर शोषक पूड व तेलनाशक यांचा जाड लेप द्यावा, वर प्लास्टिक झाकावे आणि दिवसभराने खरवडून काढावा. हे दोन-तीन वेळा करावे लागते. स्वच्छ झालेला भाग उजळ दिसून उलट नजरेत भरतो, म्हणून शेवटी तो पूर्ण चौकोन एकसारखा घासावा.

काही उपाय मात्र कटाक्षाने टाळावेत. पेट्रोल वा रॉकेलने आगीचा धोका संभवतो. हायड्रोक्लोरिक आम्ल तेल काढत नाही, सिमेंट मात्र खाते. ब्लीचमध्ये आम्ल वा अमोनिया मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतो. वाट डांबरी असेल, तर अधिकच जपावे. डांबर स्वतःच खनिज तेलापासून बनते, त्यामुळे तेल काढणारे द्रावक डांबरही विरघळवतात. फरशीच्या ठोकळ्यांची वाट असेल, तर डागाळलेले तेवढेच ठोकळे बदलता येतात.

पाणी कोठे जाते ?

फवाऱ्याचे यंत्र मी का थांबवले, याचे खरे उत्तर रस्त्याकडेच्या जाळीत होते. त्या जाळीवर, हे पाणी उपसागरात जाते, अशा अर्थाची पाटी होती. घरातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. रस्त्यावरील पावसाळी पाणी तेथील बहुतेक गावांत तसेच ओढ्यात व उपसागरात मिळते. 1972 च्या स्वच्छ जल कायद्याखाली अशा वाहिन्यांत प्रदूषके सोडण्यावर निर्बंध आहेत. एका गाडीतून एका वेळी काढलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आपल्या दारातील शोभेसाठी मासे, बेडूक आणि पाणपक्षी यांच्या निवाऱ्यात विष सोडणे आपल्याला कसे रुचेल ? पावसाळा तोंडावर आला होता. डाग तसाच राहिला असता, तर पावसाने तेच काम केले असते.

तेल शोषलेली माती व लेप आम्ही घरगुती घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला. वापरलेले तेल घेणारी प्रमाणित केंद्रे कॅलिफोर्नियात आहेत आणि ती ते विनामूल्य स्वीकारतात.

हिशेब पूर्ण

सुनावणीच्या चार दिवस आधी चिरंजीवांनी मंडळास पत्र लिहिले. गळतीचे कारण, दुरुस्तीची पावती, आधीचे व नंतरचे छायाचित्र, आणि सुनावणीस उपस्थित राहण्याची तयारी, एवढेच त्यात होते. तक्रारीचा सूर नव्हता. डागाची पुसटशी छाया अद्याप दिसते, हेही लपवले नाही. दंड झाला नाही. उत्तरात एक ओळ अशी होती की, ही नोंद व्यवस्थापन कंपनीच्या मासिक फेरीत झाली होती. कोणा शेजाऱ्याने तक्रार केलेली नव्हती.

चिरंजीवांनी ती ओळ दोनदा वाचली. संध्याकाळी ते समोरच्या घरी गेले. काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. परतले तेव्हा हातात त्यांच्या झाडाच्या लिंबांची पिशवी होती. उरलेली माती त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना नेऊन दिली. त्यांच्या वाटेवरही एक लहानसा डाग होताच.

आता गॅरेजच्या कोपऱ्यात मातीची एक पिशवी आणि पुठ्ठा कायम असतो. महिन्यातून एकदा गाडीखाली पाहायचे, तेल बदलल्यावर आठवडाभर लक्ष ठेवायचे आणि मंडळाचे पत्र आले तर त्याच दिवशी वाचायचे. तेलाचा डाग उधारीसारखा असतो. पहिल्या दिवशी मूठभर मातीत फिटतो, आणि दुर्लक्षिला तर मुरत जातो. शेजाऱ्याविषयी मनात धरलेल्या संशयाचेही तसेच आहे.