नाईट ड्युटी करणाऱ्या नर्सला दिवसा झोप का लागत नाही? आणि त्यावर करायचं काय?

सकाळचे नऊ वाजलेत. कल्याणहून मुंबईकडे येणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. पण त्याच वेळी दादरहून उलट कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत, लेडीज डब्यात, खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपलेल्या बायका हमखास दिसतात. मांडीवर पिशवी, पिशवीत रात्रीचा रिकामा डबा. रात्री आठला ड्युटीवर चढलेल्या आणि सकाळी हँडओव्हर देऊन सुटलेल्या या नर्स. कधी कधी झोप इतकी लागते की कल्याण मागे पडतं आणि डोळे उघडतात ते थेट अंबरनाथला.

पण खरी अडचण पुढे आहे. लोकलच्या कडक बाकावर लागलेली ही झोप घरी मऊ अंथरुणावर पडल्यावर मात्र दगा देते. दहाला पडलं की साडेबाराला जाग येते. मग नुसतं कूस बदलणं. चारला डोकं जड होऊन उठायचं, स्वयंपाकाचं बघायचं आणि सातला पुन्हा ड्युटीसाठी निघायचं.

घरचे म्हणतात, सवय होईल. काही जणी दहा-पंधरा वर्षं नाईट करतात, तरी ती सवय होत नाही. असं का होतं? आणि यातून मार्ग काय?

झोपेचे दोन मालक

झोप कधी लागणार हे दोन गोष्टी ठरवतात.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेचं ओझं. माणूस जितका वेळ जागा राहतो, तितकं मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते साठलं की डोळे जड होतात, झोपलं की ओसरतं. बारा तास वॉर्डात पळापळ केलेल्या नर्सच्या मेंदूत ते काठोकाठ भरलेलं असतं, म्हणून लोकलच्या गोंगाटातही डोळा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर साधारण २० हजार पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. शरीराचं तापमान कधी वाढवायचं, कोणतं संप्रेरक कधी सोडायचं, भूक कधी लावायची, हे सगळं त्याच्या तालावर चालतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता दोन्ही एकत्र ठेवा. नर्स सकाळी दहाला झोपते तेव्हा ओझं भरपूर असतं, म्हणून झोप पटकन लागते. दोन-अडीच तासांत त्यातलं बरंच उतरतं. आणि तोपर्यंत घड्याळ मात्र ‘दिवस आहे, ऊठ’ असं सांगत तापमान वाढवत असतं. ओझं हलकं झालं की घड्याळ जिंकतं आणि साडेबाराला डोळे उघडतात. यात आळस नाही, मनाचा कमकुवतपणाही नाही. शरीर त्याचं नेहमीचं काम करतंय, इतकंच.

मग सवय का होत नाही?

या घड्याळाची किल्ली म्हणजे उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. त्यांचं काम चित्र बघणं हे नाही, तर बाहेर दिवस आहे की रात्र हे घड्याळाला कळवणं हे आहे. निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. उजेड पडला की ते दबतं.

नर्स सकाळी हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडते आणि लख्ख ऊन डोळ्यांवर येतं. रात्रभरात घड्याळ थोडं सरकलं असेल, तर ते पुन्हा जागेवर येतं.

विमानप्रवासाशी तुलना केली की हे सोपं होतं. उन्हाळ्यात भारत न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतो. म्हणजे इथली रात्री आठ ते सकाळी आठची ड्युटी ही तिथली सकाळी साडेदहा ते रात्री साडेदहाची वेळ. नाईट करणारी नर्स राहते कल्याणला आणि काम करते न्यूयॉर्कच्या वेळेवर. खरोखर न्यूयॉर्कला गेलेला माणूस आठ-दहा दिवसांत रुळतो, कारण तिथला सूर्य त्याला मदत करतो. घड्याळ ढोबळमानाने दिवसाला तासभर सरकतं. नर्सचा सूर्य मात्र कल्याणचाच असतो. त्यातून आठवडाभर नाईट करून घड्याळ जरा हलायला लागलं, की चार्ट बदलतो आणि मॉर्निंग सुरू होते.

हे गंभीर का आहे?

१९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यात दिसलं. २४ तास जागं राहिलं, तर ती ०.१० टक्के मद्याइतकी घसरते. भारतात वाहन चालवताना कायद्याने मान्य मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के.

आता पहिल्या नाईटचा हिशोब करा. सकाळी सातला उठलेली नर्स दुपारी न झोपता ड्युटीवर गेली, तर रात्री बारालाच तिचे १७ तास जागून झालेले असतात. सकाळी सातला २४ होतात. याच वेळेत पहाटेच्या सलाईन लावायच्या असतात, इन्सुलिनचे युनिट मोजायचे असतात, आणि नंतर स्कूटी काढून घरी जायचं असतं. त्यातून पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि सावधपणाही. रुग्णाची सुरक्षितता आणि नर्सचा स्वतःचा जीव, दोन्ही या एका झोपेवर अवलंबून असतात.

दीर्घकाळाचे परिणाम वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या शिफ्टच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच मत कायम ठेवलं. याचा अर्थ नाईट करणाऱ्या प्रत्येक नर्सला कॅन्सर होतो असा अजिबात नाही. माणसांमधला पुरावा अजून मर्यादित आहे. पण ‘एवढं काय, थोडी झोप कमी’ असं म्हणून सोडून देण्याइतकीही ही गोष्ट साधी नाही.

ड्युटीला जाण्याआधी

पहिल्या नाईटच्या दुपारी दीड-दोन तास झोपा. दुपारी दोन ते चारमध्ये शरीरालाही नैसर्गिक सुस्ती असते, त्यामुळे झोप लागणं सोपं जातं. झोप नाही लागली तरी अंधार करून पडून राहा. घरातली राहिलेली कामं उरकायला ही दुपार वापरली जाते, आणि सगळा आठवडा तिथूनच बिघडायला सुरुवात होते.

ड्युटीवर असताना

* चहाची वेळ ठरवा. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं कमी व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. पहाटे चारला घेतलेला कडक चहा सकाळी दहाला झोपताना निम्मा अंगात असतो. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात घ्या, दोननंतर शक्यतो नको.
* डुलकी २० मिनिटांची. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेही सावधपणा स्पष्ट वाढलेला दिसला. जिथे परवानगी आणि जोडीदार आहे, तिथे आळीपाळीने डुलकी घ्या. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं बधिर राहतं. उठल्याबरोबर लगेच औषध काढायला जाऊ नका, तोंड धुवा, दहा मिनिटं जाऊ द्या.
* पहाटे तीन ते पाच दोघींनी तपासा. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियमसारखी औषधं या वेळेत द्यायची असतील तर सोबतच्या सिस्टरला किंवा ब्रदरला डोस दाखवून घ्या. यात कमीपणा नाही.
* मध्यरात्री भरपेट जेवू नका. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. २०२१ मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी १९ जणांवर केलेल्या प्रयोगात, रात्री जागूनही फक्त दिवसा जेवणाऱ्यांची साखर बिघडली नाही, रात्री जेवणाऱ्यांची मात्र बिघडली. जेवण ड्युटीआधी घरी करा. रात्री भूक लागली तर फळ, मूठभर शेंगदाणे, ताक असं हलकं चालतं. डायबेटीस असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

घरी जाताना

डोळे मिटत असतील तर स्कूटी हॉस्पिटलमध्येच राहू द्या. बस, रिक्षा, लोकल, काहीही चालेल. बस किंवा लोकलमध्ये गॉगल घाला, म्हणजे घड्याळाला उजेडाचा निरोप कमी पोहोचतो. गाडी स्वतः चालवत असाल तर मात्र गॉगलने पेंग वाढू शकते, तिथे जागं राहणं महत्त्वाचं. लोकलमध्ये लागणारी तासाभराची झोप घरच्या झोपेतून वजा होते, हेही लक्षात ठेवा.

घरी आल्यावर

पोटात थोडं काही घालून, आंघोळ करून, सरळ अंथरुणावर. ‘एवढी भांडी घासते आणि पडते’ म्हटलं की अकरा वाजतात आणि झोपेची वेळ निघून जाते. खिडकीवर काळं कापड किंवा जाड चादर, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे. पंख्याचा एकसारखा आवाज बाहेरचे आवाज दाबतो. फोन सायलेंटवर टाकून दुसऱ्या खोलीत ठेवा.

लहान मूल आहे, पाणी दुपारी येतं, सलग सात तास मिळणं अशक्य आहे? मग झोप दोन तुकड्यांत घ्या. दहा ते दोन, आणि पुन्हा संध्याकाळी दीड तास. मात्र पहिला तुकडा रोज एकाच वेळी असू द्या. सुट्टीच्या दिवशीही त्यातले एक-दोन तास सांभाळता आले तर घड्याळ फार हिंदकळत नाही.

झोपेच्या गोळ्यांचं काय? नर्सच्या हाताशी औषधं असतात, म्हणून मोह मोठा. पण अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि गुंगी पुढच्या ड्युटीपर्यंत रेंगाळू शकते. मेलाटोनिन सौम्य वाटलं तरी त्याची वेळ चुकली की घड्याळ उलट्या दिशेला सरकतं. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच.

घरच्यांनी काय करायचं?

वरचे सगळे उपाय एका बेलने फुकट जातात. कचरेवाला, कुरिअर, सिलिंडर, शेजारच्या काकू. आणि ‘फक्त एक मिनिट, साखर कुठे ठेवलीय?’ अशी हाक.

सकाळी दहाला झोपलेल्या नर्ससाठी दुपारचा एक म्हणजे तुमच्या रात्रीचे दोन. रात्री दोनला कुणी साखरेसाठी उठवलं तर कसं वाटेल, तेवढाच विचार करायचा. तिच्या झोपेची वेळ दारावर लिहून लावा. बेल बंद करा. कुकर ती झोपायच्या आधी लावा. मुलाची शाळेची तयारी नाईटच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाकडे द्या. आणि ‘दिवसभर झोपलेली असते’ हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका. ती दिवसभर झोपत नाही. तिची रात्र दिवसा असते, आणि तीही अर्धीच मिळते.

चार्ट लावणाऱ्यांच्या हातात बरंच आहे

माणसाचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड जातं. म्हणून ड्युटी मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट अशी पुढे सरकली तर शरीराला सोपं पडतं. उलटा क्रम जड जातो.

इव्हिनिंग संपवून लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावली, तर प्रवास आणि जेवण वजा जाता झोपायला पाच-सहा तासच उरतात. युरोपीय संघाच्या नियमांत दोन ड्युट्यांमध्ये किमान ११ तासांची विश्रांती ठरवून दिलेली आहे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाचा सल्ला आहे की शक्य असेल तिथे सलग नाईट दोन-तीनच्या वर नकोत. आपल्याकडे कमी मनुष्यबळात हे लगेच जमणार नाही. पण क्रम पुढे सरकता ठेवणं आणि शेवटच्या नाईटनंतरचा झोपेत गेलेला दिवस ‘ऑफ’ म्हणून न मोजणं, यांचा विचार आजच्या मनुष्यबळातही सुरू करता येतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

तीन महिने उलटूनही झोप लागत नसेल, ड्युटीवर अनावर पेंग येत असेल, गाडी चालवताना एकदा जरी डोळा लागला असेल, किंवा मन सतत उदास राहत असेल, तर थांबू नका. ‘शिफ्ट वर्क स्लीप डिसऑर्डर’ हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मोठ्याने घोरणं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचीही तपासणी करून घ्या, कारण तो त्रास नाईटच्या नावाखाली लपून राहतो.

दर वर्षी १२ मे रोजी, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, परिचारिका दिन साजरा होतो. हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरणारी नाइटिंगेल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. फुलं, शुभेच्छा, स्टेटस सगळं होतं. पण रात्रभर जागून सकाळी घरी परतलेल्या नर्सला त्या दिवशी सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशी भेट म्हणजे अंधारी खोली, बंद केलेली बेल आणि सलग सहा तास.