आधी मूठ बघा, पातं नंतर

तंजावरी चित्रातला शिपाई हातात नेमकं काय धरून उभा आहे? पातं पाहून ओळखायला गेलात तर फसाल. सतराव्या शतकात दक्षिणेत युरोपातून पाती येत आणि मूठ इथे चढवली जाई. म्हणून आधी मुठीकडे बघा.

मुठीला बोटं झाकणारी परज, खाली वाटोळी चकती आणि चकतीतून बोटभर किंवा त्याहून लांब काटा निघालेला दिसला, की ती सहसा फिरंग, म्हणजे युरोपी पात्याची तलवार, किंवा सरळ पात्याचा खांडा. काटा शोभेचा नाही; दोन हातांनी घाव घालताना दुसरा हात तिथे बसतो. चकती आहे, काटा नाही आणि पातं वाकडं, तर नेहमीची तलवार. कोपरापर्यंत लोखंडी हातमोजा चढलेला असेल तर तो दांडपट्टा, आपल्या ओळखीचा.

तंजावरची खरी खूण मात्र कट्यारीत. दोन उभ्या पट्ट्या, मधे आडवी पकड हे सगळीकडचंच. इथल्या जुन्या कट्यारींना त्यावर हाताची पाठ झाकणारं, जाळीदार कोरलेलं पोलादी पान असतं. पानाच्या टोकाला कधी याळी या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं तोंड. चित्रकार पुष्कळदा हे पान नुसत्या सोनेरी ठिपक्यावर भागवतो, याचा राग येतो.

१८५५ साली तंजावरचे मराठा राजे दुसरे शिवाजी वारले, राज्य खालसा झालं आणि तिथल्या शस्त्रागारातली बरीच हत्यारं मोडीत गेली. वाचलेल्यांपैकी कित्येक चेन्नईच्या एग्मोर संग्रहालयात आहेत. चित्र ताडून पाहायचं तर तिथे.